लाईट गेल्याची नोंद कोण ठेवतं?

 

गटाची बैठक असली की बचत गोळा होता होता विषय विजेवर येतोच. डीपी जळाली, एक फेज गेला, लाईट डिम आहे, बिल जास्त आलं. मग कोणीतरी वायरमनला फोन लावतं. तो "बघतो" म्हणतो आणि सगळ्यांचा राग त्याच्यावरच निघतो. पण शेणव्याला, किन्हवलीला किंवा मुरबाडच्या एखाद्या पाड्याला वीज कुठून यायची, किती यायची आणि युनिटला किती पैसे पडायचे, हे वायरमन ठरवत नाही. तो खांबावर चढतो. ठरवणारे वेगळे आहेत आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे आणखी वेगळे. हे कोण आहेत आणि त्यांच्यापर्यंत आपला शब्द कसा पोचतो, ते आज बघू.

हे समजून घ्यायचं, कारण आता वीज ही नुसती दिव्यापुरती राहिलेली नाही. गटांनी कर्ज काढून पिठाच्या गिरण्या घेतल्या, मसाला कांडप घेतलं, शिवणयंत्रांना मोटारी बसवल्या. लाईट गेली की गिरणी थांबते, बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

पंगतीचा अंदाज

घरी लग्न असलं की आचारी पहिला प्रश्न विचारतो, "पानं किती?" कमी सांगितलं तर शेवटच्या पंगतीला भात पुरत नाही. जास्त सांगितलं तर अन्न वाया जातं आणि पैसे तर द्यावेच लागतात. विजेचं नियोजन म्हणजे हाच अंदाज, फक्त सगळ्या राज्याचा, आणि रोजचा.

हा अंदाज तीन पातळ्यांवर बांधला जातो. सगळ्यात वर दिल्लीचं केंद्रीय विद्युत प्राधिकरण. देशाला पुढे किती वीज लागेल याचं सर्वेक्षण करून दर पाच वर्षांनी ते राष्ट्रीय विद्युत योजना बनवतं. मग महावितरण आपल्या ग्राहकांसाठी किती वीज लागेल ते मांडतं आणि वीज बनवणाऱ्या कंपन्यांशी खरेदीचे करार करतं. शेवटी रोजचा हिशोब. नवी मुंबईत ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे. तिथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागात किती मागणी असेल, कोणता संच किती चालवायचा, ते बघतात.

पंधरा मिनिटांचा हिशोब कशाला? कारण वीज कणगीत भरून ठेवता येत नाही. जेवढी लागते तेवढीच त्या क्षणाला बनवावी लागते. आणि मागणी सारखी नसते. रात्री दोन वाजता गाव झोपलेलं असतं. संध्याकाळी सगळीकडे एकदम दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात.

यावर काढलेला एक मोठा तोडगा आपल्याच तालुक्यात आहे. डोळखांबच्या बाजूला, घाटाखाली चोंढे गाव आहे. तिथे खालचं धरण आणि वर अकोले तालुक्यात घाटघरला वरचं धरण. हा घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प. उदंचन म्हणजे पाणी उपसून वर चढवणं. मागणी कमी असते तेव्हा जास्तीची वीज वापरून चोंढ्याचं पाणी वर घाटघरला चढवायचं. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज बनवायची. १२५ मेगावॅटचे दोन संच, एकूण २५० मेगावॅट. २००८ पासून हा प्रकल्प चालू आहे. पाणी चढवायला जेवढी वीज लागते त्यापेक्षा कमीच परत मिळते. तरी हे करतात, कारण रात्रीच्या युनिटपेक्षा संध्याकाळचं युनिट मोलाचं.

दुसरी गोष्ट पडघ्याची. शहापूरहून ठाण्याकडे जाताना पडघ्याला मोठं उपकेंद्र लागतं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राकडून १५०० मेगावॅट वाहून नेऊ शकणारी उच्च दाबाची एक वाहिनी ७५२ किलोमीटर येऊन या पडघ्याला पोचते. ती १९९९ पासून चालू आहे. म्हणजे चोंढ्याला पाण्यातून बनलेली वीज आणि चंद्रपूरला कोळशातून बनलेली वीज, दोन्ही आपल्याच भागात आहेत. तरी आपल्या पाड्यावर अंधार का? कारण वीज बनवणं, मोठ्या वाहिनीने आणणं आणि घरापर्यंत पोचवणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. मोठा रस्ता गावाजवळून गेला म्हणून घरापर्यंतची पाऊलवाट काही आपोआप बनत नाही. आपल्याकडे अडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात, म्हणजे जुन्या तारा, दूरची डीपी, तिच्यावर जास्तीचा भार आणि पावसात तारांवर पडणाऱ्या फांद्या.

एमएसईबी गेली, पण कुठे?

आपण अजूनही "एमएसईबीचं ऑफिस" म्हणतो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि वर्षानुवर्षं तिन्ही कामं तेच करत होतं. जून २००५ मध्ये त्याचे भाग झाले. वीज बनवते ती महानिर्मिती. मोठ्या वाहिन्या आणि उपकेंद्रं सांभाळते ती महापारेषण. आपल्या घरापर्यंत वीज आणते आणि बिल पाठवते ती महावितरण. या तिघींच्या वर एक सूत्रधारी कंपनी आहे. या सगळ्या सरकारच्याच मालकीच्या.

मालक सरकार आणि विकणारी कंपनीही सरकारची, मग भाव बरोबर लावलाय की नाही, हे कोणी बघायचं? त्यासाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आहे. तो ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. एक अध्यक्ष आणि दोन सदस्य, कार्यालय मुंबईत कफ परेडला. विजेचे दर हा आयोग ठरवतो. महावितरण कोणाकडून, किती भावाने वीज घेते त्या कराराला आयोगाची मान्यता लागते. सेवा कशी हवी याचे नियमही तोच करतो.

दाभोळने शिकवलेला धडा

असा आयोग कशाला हवा, हे महाराष्ट्राला फार महागात शिकावं लागलं. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प आला. डिसेंबर १९९३ मध्ये विद्युत मंडळाने त्याच्याशी वीजखरेदीचा करार केला. त्या वेळी राज्यात आयोग नव्हता. निविदा न मागवता, चर्चेतून व्यवहार ठरला आणि राज्य सरकारने हमी दिली. किंमत डॉलरशी जोडलेली होती, आणि वीज उचलली नाही तरी संचाचा ठरलेला आकार भरावाच लागणार होता. म्हणजे जेवायला माणसं येवोत न येवोत, आचाऱ्याला हजार पानांचे पैसे द्यायचे.

लोकांनी विरोध केला. वेलदूरच्या मच्छीमार बायका त्यात पुढे होत्या. पुण्याच्या प्रयास संस्थेतल्या अभ्यासकांनी कराराचे आकडे मांडून धोका दाखवला. १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला, पुन्हा वाटाघाटी केल्या आणि पुन्हा मान्य केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. इंधन महागलं, डॉलर वाढला, विजेचा दर मंडळाला झेपेना. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनचं दिवाळं निघालं. चौकशीसाठी सरकारने माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००५ मध्ये प्रकल्प चालवायला नवी कंपनी काढावी लागली.

धडा साधा आहे. आपल्या बिलात सगळ्यात मोठा वाटा वीजखरेदीचा असतो. कागद बंद दाराआड झाला तर पुढची कितीतरी वर्षं त्याचे पैसे आपण भरतो. म्हणूनच पुढे २००३ च्या विद्युत कायद्याने दर ठरवण्याआधी लोकांना विचारणं बंधनकारक केलं.

दर ठरतो कसा, आणि आपण कुठे बोलायचं?

महावितरण आपला खर्च आणि हवा असलेला दर आयोगापुढे मांडतं. त्याचा सारांश वर्तमानपत्रात छापावा लागतो. त्यावर कोणीही हरकत किंवा सूचना पाठवू शकतं. मग जनसुनावणी होते. नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी या सुनावण्या होत आल्या आहेत, आणि आता ऑनलाइनही बोलता येतं. सामान्य ग्राहकाच्या वतीने अभ्यास करून बोलायला आयोगाने प्रयास आणि मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्थांना ग्राहक प्रतिनिधी म्हणूनही नेमलेलं आहे.

अशा सुनावणीला कारखानदार येतात, यंत्रमागवाले येतात, शेतकरी संघटना येतात. आपल्यासारख्या गटांचं निवेदन क्वचित जातं. ते पाठवायला वकील लागत नाही आणि इंग्रजीही लागत नाही. मराठीत एक पान लिहिलं तरी चालतं.

आपण काय मांडू शकतो, याचं एक उदाहरण सांगते. घरच्या मीटरवर शिवणकाम किंवा पापड-लोणच्याचा धंदा केला तर व्यापारी दर लागतो, अशी भीती घातली जाते. आयोगाच्या दर आदेशांत अशा घरगुती धंद्याला सवलत दिलेली आहे. घराच्या एका भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत असेल आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लावायचा. ही मर्यादा कायम राहावी की वाढावी, हे सांगायचं ठिकाण म्हणजे जनसुनावणी. आपण गप्प राहिलो तर ती उठली तरी आपल्याला कळणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. स्वतंत्र जागेतली गटाची गिरणी या सवलतीत बसत नाही. पिठाची गिरणी, मसाला गिरणी यांना लघुदाब औद्योगिक वर्ग आहे, जोडणी त्याच वर्गाची घ्या. एका कामासाठी घेतलेली वीज परवानगी नसलेल्या दुसऱ्या कामाला वापरली तर कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. आणि आकडा टाकणं ही कलम १३५ प्रमाणे चोरी. या दोन्ही प्रकरणांत पुढे सांगणार आहे तो तक्रार मंचही आपल्या बाजूने उभा राहू शकत नाही.

मोफत विजेबद्दलही एक शब्द. सरकार एखाद्या वर्गाला स्वस्त किंवा मोफत वीज देऊ शकतं. पण कायद्याचं कलम ६५ सांगतं की त्या सवलतीचे पैसे सरकारने कंपनीला आधी द्यायचे. ते वेळेवर आले नाहीत तर तो बोजा कुठे तरी निघतोच.

मुंबईचा अंधार आणि आपला अंधार

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी पडघा-कळवा वाहिन्या बंद पडल्या. मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. सगळ्या देशात बातमी झाली. कोणी अर्ज करायची वाट न बघता आयोगाने स्वतःहून चौकशी सुरू केली.

आपल्या पाड्यावर दोन दिवस वीज नसते तेव्हा लोकल थांबत नाही आणि बातमी होत नाही. आयोगाला आपला अंधार डोळ्यांनी दिसत नाही, त्याला दिसते फक्त नोंद. प्रत्येक वाहिनीवर वीज किती वेळा गेली, किती वेळ गेली, याचे आकडे कंपनीला ठेवावे लागतात आणि आयोगाला द्यावे लागतात. आपण वायरमनला फोनवर सांगितलं आणि सोडून दिलं, तर आपल्या बाजूने कागदावर काहीच राहत नाही. मग "तुमच्याकडून तक्रारच नाही" असं उत्तर आलं तर आपण काय दाखवणार?

नोंद असेल तर कायदा आपल्या बाजूला आहे. कोणतं काम किती वेळात झालं पाहिजे, याची मुदत आयोगाने घालून दिली आहे. ग्रामीण भागात जळालेल्या ट्रान्सफॉर्मरसाठी २००५ च्या विनियमांतच ४८ तासांची मुदत होती. पुढे हे विनियम २०१४ आणि २०२१ मध्ये नव्याने आले, तेव्हा चालू तक्ता वीज कार्यालयात मागून बघा. मुदत पाळली नाही तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर कलम ५६ प्रमाणे पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. तोंडी दम पुरत नाही. नव्या जोडणीलाही मुदत आहे. मूळ कायद्यात ती एक महिना होती, केंद्राच्या नंतरच्या ग्राहक हक्क नियमांनी ती आणखी कमी झाली.

कोणी म्हणेल, "मीटर सासऱ्यांच्या नावावर, मी कोण तक्रार करणार?" कायद्यातली ग्राहकाची व्याख्या वाचा. ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे, तोही ग्राहक. घरात वीज वापरणारी बाई नुसती ग्राहकाची सून नसते.

तक्रारीच्या चार पायऱ्या

पहिली पायरी फोनची. १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर तक्रार नोंदवा. हे फोन फुकट आहेत. बिलावरचा ग्राहक क्रमांक जवळ ठेवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि तारीख-वेळेसकट लिहून ठेवा.

दुसरी पायरी अर्जाची. काम झालं नाही तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे हवेतला शब्द.

तिसरी पायरी ग्राहक तक्रार निवारण मंचाची. कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे प्रत्येक वितरण कंपनीला असा मंच ठेवावाच लागतो. आपल्या भागासाठी तो कल्याण परिमंडळाचा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. आपली बाजू आपणच मांडू शकतो.

चौथी पायरी विद्युत लोकपाल. मंचाचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत मुंबईच्या विद्युत लोकपालांकडे जाता येतं. त्यांची नेमणूक आयोग करतो, वीज कंपनी नाही.

हे सगळं केलं की न्याय मिळेलच, असं मी सांगणार नाही. आयोगाच्या सदस्यांची नेमणूक राज्य सरकारच करतं, आणि धोरणाच्या बाबतीत सरकार आयोगाला निर्देशही देऊ शकतं. जनसुनावणीत मांडलेलं सगळं मान्य होतं असंही नाही. पण आलेल्या हरकतींचा विचार करूनच आयोगाला आदेश द्यावा लागतो, आणि तो आदेश कोणालाही वाचता येतो. जे मांडलंच नाही, त्याचा विचार कोण करणार?

पुढच्या बैठकीत एवढं करा

बचतीच्या वहीसोबत एक विजेची वही ठेवा. पाच रकाने पुरे: वीज गेली ती तारीख आणि वेळ, आली ती तारीख आणि वेळ, तक्रार क्रमांक, काय नुकसान झालं, आणि कोणी नोंदवलं. गिरणी किती तास बंद राहिली, किती दळण परत गेलं, हे नुकसानीत लिहा. दर महिन्याला एकीने ही जबाबदारी घ्यावी. शाळा शिकलेल्या मुलींना हाताशी घ्या, त्या भराभर लिहितात.

एका डीपीवर चार गट असतील तर चारही वह्या ग्रामसंघाच्या बैठकीत एकत्र आणा. एकटीने डीपीवरचा भार वाढला म्हटलं तर ती तक्रार वाटते. चाळीस घरांच्या तीन महिन्यांच्या नोंदी ठेवल्या तर तो हिशोब होतो, आणि हिशोबाला उत्तर द्यावं लागतं. त्याच नोंदींचं एक पान पुढच्या जनसुनावणीला पाठवा.

बचत गटाने आपल्याला एक गोष्ट पक्की शिकवली आहे. दहा रुपये दिले तरी वहीत लिहायचे आणि सही घ्यायची. बँक आपल्याला कर्ज देते ती त्या वहीकडे बघून. विजेच्या बाबतीतही तीच सवय लावून घेऊ.

बिलावरचा स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क, या सगळ्या ओळी म्हणजे काय, ते पुढच्या भागात बघू. येताना आपापलं बिल समोर घेऊन बसा. तोपर्यंत, नमस्कार.